गुरुवार चुकवायचा नाही

आमच्या अपार्टमेंटमधून कुणी परदेशात निघालं की गेटवर फ्लेक्स लागतो. समोरच्या फ्लॅटमधले साहेब आणि वहिनी व्हिएतनामला निघाले तेव्हाही लागला. साहेबांचा फोटो पुतणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. वहिनींचा आधार कार्डावरून उचलल्यासारखा. मजकूर होता, 'व्हिएतनाम अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. दहा दिवसांच्या ग्रुप टूरमध्ये कशाचा अभ्यास होणार होता, ते फ्लेक्सवर नव्हतं. सेक्रेटरींनी शाल आणि नारळ देऊन दोघांचा सत्कार केला, तीन जणांची भाषणं झाली, आणि नारळ विमानात चालत नाही असं कुणीतरी सांगितल्यावर तो माझ्याकडे ठेवायला आला. त्यांच्या फ्लॅटची किल्ली आधीपासूनच माझ्याकडे होती.

साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी सोडायचं की अडवायचं हे ज्यानं आयुष्यभर ठरवलं, तो माणूस जिन्यात आणि पार्किंगमध्येही तेच ठरवत असतो. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते, त्यामुळे माझी सवय उलटी. काउंटरवर येणारा माणूस जे पुस्तक मागतो तेच त्याला हवं असतं असं नाही. एखादा मुलगा यायचा, 'कायद्याचं पुस्तक द्या' म्हणायचा, आणि चार प्रश्न इकडचे तिकडचे विचारले की कळायचं, त्याला वडिलांच्या सातबाऱ्यावरची एक ओळ समजून घ्यायची आहे. सरळ विचारलं तर तो सांगायचा नाही, कारण घरातली भांडणं त्यात होती. तीस वर्षं मी हेच केलं. पुस्तकं देणं हे त्यातलं सोपं काम.

त्यांच्या प्रवासाचा नववा दिवस होता, गुरुवार. सकाळी साडेआठला त्यांच्या मुलीचा फोन आला. ती पुण्यात नोकरी करते. आईवडिलांना टूरवर तिनंच नेलं होतं, आणि आता फोन तिकडूनच होता.

"मावशी, किल्ली आहे ना? बाबांची फाईल बघता का? लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात."

"काय झालं?"

तिनं ऑफिसात रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. चार दिवसांपासून साहेबांना उलट्या होत होत्या. जेवण बाधलं असं सगळ्यांना वाटलं, कारण ग्रुपमधल्या आणखी दोघांना बाधलं होतं. ते दोघे बरे झाले, साहेब नाही. काल संध्याकाळी हॉटेलच्या बाथरूममध्ये पडले. दवाखान्यात आणलं तेव्हा ब्लडप्रेशर सत्तर. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या गेल्या तरी ते वर चढत नव्हतं. रक्तातली साखरही खाली. पोट इतकं दुखत होतं की हात लावू देत नव्हते.

"सर्जन म्हणतात, पोटात काहीतरी फुटलं असेल. उघडून बघावं लागेल. स्कॅनमध्ये नीट दिसत नाही, म्हणून उघडायचं. माझी सही मागतायत. एक वाजेपर्यंत. म्हणजे तुमचे साडेअकरा."

"साहेब काय म्हणतात?"

"झोपेत बोलल्यासारखं बोलतात. मघाशी नर्सला म्हणत होते, डाव्या कालव्याचं गेट बंद करा." मग म्हणाली, "डॉक्टर सारखे विचारतात, औषधं कोणती चालू आहेत. मी सांगितलं, बीपीची एक गोळी. मग विचारतात, स्टेरॉइड घेत होते का. आईही नाही म्हणाली, मीही नाही म्हणाले. तुम्हाला तर माहीत आहे, बाबा डोकेदुखीची गोळीसुद्धा अर्धी करून घेतात."

मी कुलूप उघडून आत गेले. फाईल सांगितली तिथेच होती, पाटबंधारे खात्याच्या शिस्तीत, अनुक्रमणिकेसकट. बीपीची गोळी, जुना ईसीजी, डोळ्यांचा नंबर. शेवटचा कागद तीन वर्षांपूर्वीचा, हाडांच्या डॉक्टरांचा: दोन्ही गुडघे झिजलेले, ऑपरेशन करावं. त्यानंतर एकही कागद नाही. फोटो काढून पाठवताना मला प्रश्न पडला तो या कोऱ्या तीन वर्षांचा. कारण त्या कागदानंतर लवकरच साहेबांचे गुडघे बरे झाले होते. कठडा न धरता ते तीन जिने चढायचे आणि दुसऱ्या मजल्यावर थांबून दम खाणाऱ्यांना व्यायामाचं महत्त्व सांगायचे. गाल वर आले होते, चेहरा गोल झाला होता. 'साहेब, तब्येत चांगली सुधारली,' असं आम्ही सगळेच म्हणत होतो. मीही म्हणाले होते.

ग्रंथालयात एखादं पुस्तक जागेवर नसलं की ते जिथं असायला नको तिथं शोधायचं असतं. मी कपाट बंद केलं आणि स्वयंपाकघरात गेले. मेतकुटाच्या बरणीमागे बिस्किटांचा एक चपटा डबा होता. त्यात वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, सात-सातच्या गठ्ठ्यात रबर लावून ठेवलेल्या. एक उघडली. मातकट पावडर, सुंठ आणि ओव्याचा वास. झाकणाच्या आत एक छापील पत्रक चिकटवलं होतं. वर हार घातलेला कुणाचा तरी फोटो, तळाशी पत्ता, आणि मधे ठळक अक्षरांत: 'आठवड्याच्या पुड्या दर गुरुवारी मिळतील. गुरुवार चुकवायचा नाही. चुकल्यास जबाबदारी आपली.'

मला हसू आलं, हे कबूल करायला हवं. देवही आता हमीपत्र लिहून घ्यायला लागलाय असं काहीतरी माझ्या मनात आलं.

मग मी वहिनींना फोन केला.

"वहिनी, मुलगी जवळ आहे?"

"हाय ना."

"मग तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. मेतकुटामागचा डबा साहेबांचा?"

वहिनींचा आवाज खाली आला. "व्हय."

"रोज एक पुडी?"

"व्हय."

"गुडघ्यासाठी? तीन वर्षांपासून?"

"व्हय. होतच आली."

"तिकडे नेली नाही ती. का?"

याला हो-नाही पुरेना. "मी जरा चहाचं बघून येते गं," असं त्या मुलीला म्हणाल्या, दार वाजलं, आणि आवाज एकदम जवळ आला. "अवं ताई, टूरवाल्यांनी मीटिंगमदी सांगितलं ना, सुटी पावडर आणायची नाय. विमानतळावर पकडतेत म्हणे. एवढ्या पुड्या बघून तर आमाला आतच टाकलं असतं. मग ह्यांनी डबा बॅगेतून काढून ठेवला. म्हणले, दहा दिवसानी काय होतंय."

"डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"डॉक्टर औषध इचारतेत. ती औषध थोडीच हाय? पुडी हाय, जडीबुटीची." मग आवाज आणखी खाली गेला. "आन् पोरीसमोर कसं सांगू? तिनी ऑपरेशनची तारीख घेतली होती. ह्यांनी तिला सांगितलं, व्यायामानी बरं झालो. मला शपथ घातलीया त्यांनी, तिला सांगायचं नाय म्हणून."

"शपथ तुम्ही मोडू नका," मी म्हणाले. "मी मोडते. मला कुणी घातलेली नाही."

आमचे डॉक्टर आमच्याच उस्मानपुऱ्यात, दोन गल्ल्या सोडून, दवाखान्याच्या वरच राहतात. चाळीस वर्षं प्रॅक्टिस. भिंतीवर प्रमाणपत्र एकही नाही, मेडिकलवाल्यानं दिलेलं कॅलेंडर आहे. मराठी बोलता बोलता दखनी उर्दूत जातात आणि परत येतात, दोन्हीकडे घर असल्यासारखे. दवाखाना दहाला उघडतो. मी नऊला बेल वाजवली. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकलं, पुडी उघडली, चिमूट जिभेवर ठेवली आणि बेसिनमध्ये थुंकली.

"सुंठ, ओवा. बाकी जिभेला काय कळणार?"

"लॅबमध्ये दिली तर?"

"चार दिन. आपल्याकडं दोन घंटे आहेत." ते खुर्चीत बसले. "ऐका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड स्वतः बनवतं. बाहेरून रोज फुकट मिळायला लागलं की ते आपली भट्टी विझवतं. मग बाहेरचं एकदम थांबलं की घरात काहीच नाही. बीपी पडतं, साखर पडते, उलट्या होतात. पोट असं दुखतं की चांगला सर्जन फसतो. तसं असेल आणि टेबलावर घेतलं, तर साहेब उठणार नाहीत. इंजेक्शन दिलं तर शामतक बैठके बातां करेंगे."

"मग इंजेक्शन द्या म्हणू या."

"म्हणू ना. पण पोटात खरंच काही फुटलं असेल, तर स्टेरॉइडनं ते झाकलं जातं. तिकडचा सर्जन त्याला भितो, आणि बरोबर भितो. मी इथं चहा पीत अंदाज करतोय, तो पेशंटसमोर उभा आहे."

मी तिथूनच मुलीला फोन लावला आणि पुडीचं सांगितलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "पाच मिनिटं द्या." फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर तिनं तिकडच्या डॉक्टरांना समजावलं आणि पाच मिनिटांनी परत फोन केला.

"मावशी, त्यांनी 'वनौषधी' असं लिहून घेतलं. म्हणतात, वनौषधीनं लिव्हर बिघडतं. त्याच्या टेस्ट पाठवल्यात. आणि परत तेच विचारतात, त्यात स्टेरॉइड आहे का. मी काय सांगू? आहे का?"

डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बेटा, सही मत करना अभी. इंग्रजी बोलणारा कुणी असेल तर मला जोडून दे, मी प्रयत्न करतो." फोन परत देताना मला म्हणाले, "पत्ता आहे ना झाकणावर? चितेगावच्या पुढं. जाऊन विचारा त्याला."

"तो सांगेल?"

"मला नाही सांगणार. दोनदा विचारून झालंय."

"मग मला का सांगेल?"

"तुम्ही डॉक्टर नाहीत."

रिक्षावाला गेटवरचाच. पत्ता ऐकल्यावर म्हणाला, "पुडीवाल्याकडं? मॅडम, टोकन घ्यायचं तर आठच्या आत पोचावं लागतं." पैठण रस्ता नेहमीप्रमाणे खोदलेला होता. कंपन्यांच्या बस, टँकर, मधोमध उभी असलेली म्हैस. मी वाटेत दोनदा घड्याळ पाहिलं आणि मग पाहायचं सोडलं. ग्रंथालयात कळलेली आणखी एक गोष्ट: घाईत असलेल्या माणसाला कुणी काही सांगत नाही.

चितेगाव मागं टाकून थोडं पुढं, एका फाट्याला आत, शेतात पत्र्याची शेड होती. चांगलं लग्न लागेल एवढी. बाहेर फ्लेक्सवर महाराजांच्या नावामागे तीन ओळींत मावतील एवढ्या पदव्या. त्यातला 'डॉक्टर' हा शब्द अवतरणचिन्हांत होता; छापणाऱ्याचा तेवढा प्रामाणिकपणा. आत स्टेजवर नवरानवरी बसतात ती लाल मखमली, सोनेरी हातांची खुर्ची, आणि खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यातले पन्नाशीचे महाराज, हातात माइक. शेजारी टेबलावर शाली रचलेल्या. ज्याचं दुखणं थांबलं त्याचा सत्कार व्हायचा आणि त्याला दोन शब्द बोलायला सांगायचे. सत्कार दोन्ही बाजूंनी होत होता, कारण बरा झालेला माणूसही शाल घेऊनच आलेला असायचा. समोर माणसांची रांग, बहुतेक म्हातारी, बहुतेक गुडघे धरून.

मी रांग सोडून पुढे निघाले तशी एका आजींनी माझी पिशवी धरली.

"अवं बाई, लाईन हाय हितं."

"माझा माणूस दवाखान्यात आहे."

"मंग आमची काय वरातीत हायेत व्हय?" असं म्हणून त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पिशवी सोडली. "जा. पण आमच्या आधी पुडी घिऊ नको."

स्टेजजवळ जाऊन मी सांगितलं की आमचे साहेब आपल्याकडचे जुने पेशंट आहेत आणि सध्या व्हिएतनामला आहेत. हे खरंच होतं. महाराजांनी लगेच माइक तोंडाशी नेला. "बघा मंडळी, आपली पुडी आता व्हिएतनामपर्यंत." टाळ्या वाजल्या. एकानं माझा फोटो काढला.

पुडीत काय आहे, हे मी विचारलं नाही. ते विचारलं असतं तर आजोबांची गुप्त विद्या आणि हिमालय ऐकावा लागला असता आणि साडेअकरा वाजले असते. मी झाकणावरचं विचारलं.

"महाराज, गुरुवार चुकला तर काय होतं?"

"श्रद्धा तुटती," माइकमधून उत्तर आलं.

"एकच चुकला तर?"

"घरात पुड्या शिल्लक असल्या तर काय नाय. पण चुकवू नये."

"आमचे साहेब मागच्या बुधवारी विमानात बसले. तेव्हापासून पुडी नाही. आज नववा दिवस."

महाराजांनी माइक मांडीवर ठेवला. "नाय म्हंजे? दुसरी कुठली चालू केली?"

"नाही."

"मंग अर्धी अर्धी करीत सोडली?"

"नाही. डबा घरी राहिला."

"एकदम बंद?" आवाज पार बदलला. आतापर्यंतचा घुमवलेला आवाज गेला आणि त्याखालचा, कुठल्यातरी दवाखान्याच्या खिडकीतून बाटल्या देणाऱ्या माणसाचा आवाज बाहेर आला. "कुनी सांगितलं एकदम सोडायला? अशी सोडत नसतेत. उलट्या हायेत?"

"चार दिवसांपासून. काल पडले."

"बीपी?"

"सत्तर. सलाईननं चढत नाही. पोट दुखतंय म्हणून तिकडचे सर्जन आता उघडणार आहेत."

ते उठले. पाय खुर्चीखाली चपला शोधत होते आणि त्यांना सापडत नव्हत्या. शेवटी अनवाणीच निघाले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झाकणावरच्या ज्या ओळीला मी सकाळी हसले होते, ती भक्तीची नव्हतीच. औषध कसं घ्यावं याची ती सूचना होती, देवाचे कपडे घातलेली. पुडी सोडली तर माणूस पडेल, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आणि ते लोकांना खरं सांगता येत नव्हतं, म्हणून त्यानं गुरुवार बसवला होता. त्या सगळ्या फ्लेक्स, माइक आणि मखमलीत तेवढी एकच गोष्ट खरी होती, आणि आमच्यासारख्या शहाण्यांनी नेमकी तीच थट्टेवारी नेली असती.

मागच्या खोलीत सुंठीची पोती होती, मोठं मिक्सर होतं आणि प्लॅस्टिकची एक पांढरी बरणी होती. त्यांनी बरणी माझ्यासमोर ठेवली आणि नजर खिडकीकडे वळवली.

"सगळेच टाकतेत बाई. नुसत्या सुंठीवर गुडघा चालतो व्हय?"

मी आमच्या डॉक्टरांचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. व्हय, मीच… डेक्सामेथासोन. अर्ध्या मिलीग्रॅमची… दोन. एका पुडीत दोन गोळ्या… नाय, सकाळची एकच पुडी… तीन वर्षं झाली असतील, रजिस्टर बघून सांगतो… व्हय साहेब. ठाऊक हाय मला. म्हणून तर गुरुवार ठेवला."

पलीकडून डॉक्टर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोलत नव्हते एवढं नक्की. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा एवढंच म्हणाले, "बरणीच्या लेबलचा फोटो. लवकर." खोलीत रेंज नव्हती. मी शेतातून बांधापर्यंत पळत गेले. माझ्या वयाला आणि साडीला ते शोभलं नसणार. फोटो डॉक्टरांना आणि मुलीला गेला तेव्हा अकराला दहा कमी होते. खाली मी इंग्रजीत लिहिलं, मोठ्या अक्षरांत: स्टेरॉइड आहे, तीन वर्षं रोज, आठ दिवसांपूर्वी अचानक बंद.

मुलीचं उत्तर आलं, 'दाखवलं.' मग काहीच नाही.

मी शेडमध्ये परत येऊन रांगेशेजारच्या खुर्चीवर बसले. मघाच्या आजी पुढे सरकल्या होत्या.

"मिळाली का पुडी?"

"मला नको होती. आजी, तुम्ही किती दिवस घेताय?"

"नातवाचं लगीन झालं तवापासून. आता नातवाला पोरगं झालं."

आयुष्यभर भोंदूंविरुद्ध बोललेली मी, भोंदूच्या मांडवात बसून त्या बाईला म्हणाले, "पुडी सोडू नका हं. डॉक्टरला नक्की दाखवा, सगळं सांगा, पण मनानं सोडू नका."

"सोडाया मला काय झालंय," आजी म्हणाल्या. "तूच कुनाचं तरी ऐकून सोडलीस वाटतं."

अकरा वीसला फोन आला. "मावशी, इंजेक्शन दिलं. आपले डॉक्टर टूरच्या दुभाष्यामार्फत बोलले त्यांच्याशी. सर्जन म्हणाले, दोन तास थांबतो, बीपी चढलं तर उघडत नाही. मी सही नाही केली."

"बरं केलं."

"बरोबर केलं ना?"

"बरोबर केलं," मी म्हणाले. या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं, आणि त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं. डॉक्टरांवर माझा विश्वास होता, आणि अनवाणी उठलेल्या त्या माणसाच्या घाबरण्यावर त्याहून जास्त.

घरी पोचेपर्यंत ब्लडप्रेशर पंच्याऐंशी होतं. दोन वाजता शंभर. पोट दुखायचं थांबलं. सर्जन येऊन पोट दाबून गेले आणि परत आलेच नाहीत. संध्याकाळी पाचला मुलीनं व्हिडिओ कॉल केला. साहेब उशीला टेकून बसले होते, चेहरा पिठासारखा, पण डोळे ताळ्यावर. मला वाटलं, काहीतरी हळवं बोलतील.

"मॅडम," ते म्हणाले, "मला ॲडमिट करण्याचा निर्णय नेमका कुणाचा होता?"

त्यांच्या मागे उभ्या वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि बघता बघता ते हसणं राहिलं नाही. मुलीनं कॅमेरा दुसरीकडे वळवला.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांना म्हणाले, आता तक्रार करायला हवी. ते म्हणाले, करायचीच आहे. "पण उद्या शेडला कुलूप लागलं तर पुढच्या गुरुवारपर्यंत शहरात साहेबांसारखे किती पडतील? और उनकी पुडी ढूंढने कोई नहीं निकलेगा." म्हणून त्यांनी उलट्या क्रमानं काम केलं. महाराजांकडून रजिस्टर मागवलं. त्यात नावं होती, गावं होती, पुड्या होत्या, एखाद्या कार्यालयात असावं असं नीट रजिस्टर. पुढचे काही गुरुवार डॉक्टर आणि त्यांचे दोन सहकारी त्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले आणि एकेकाला हळूहळू कमी करत नेण्याचं वेळापत्रक लिहून दिलं. मखमली खुर्ची रिकामी होती. लोक आधी तिला नमस्कार करायचे आणि मग डॉक्टरांसमोर बसायचे. हे मार्गी लागल्यावर तक्रार गेली. अधिकारी आले ते छायाचित्रकारांसकट, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'धाड' असा मथळा आला. धाडीत सुंठ बरीच सापडली.

साहेब परतले ते व्हीलचेअरवर. गुडघे, तीन वर्षं गप्प बसलेले, आता एकदम बोलायला लागले होते. माझ्याशी मात्र साहेब पंधरा दिवस बोलले नाहीत. शपथ मोडल्याचा राग नव्हता, ती मला घातलेलीच नव्हती. त्यांची व्यायामाची कथा मोडली होती, आणि ती सगळ्या जिन्याला पाठ होती. मुलगी सुट्टी काढून राहिली होती. बाप-लेकीत एकदा दार बंद करून बोलणं झालं. भिंत पातळ असली तरी मी टीव्ही लावला. नंतर वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "तिनी इचारलं, ऑपरेशनची भीती वाटत होती तर मला का नाय सांगितलं. ह्यांनी म्हणलं, तू ऐकलं नसतंस. ती म्हणली, ऐकलं असतं. मग मी पोहे केले."

डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं होतं की शरीराची भट्टी पुन्हा पेटायला वर्ष लागेल. तोवर खिशात एक कार्ड कायम ठेवा, कुठे पडलात तर दवाखान्यात आधी ते वाचतील. सोळाव्या दिवशी साहेब काठी टेकत माझ्या दारात आले, कार्ड दाखवायला. लॅमिनेट केलेलं. वर मोठ्या अक्षरांत 'निवृत्त कार्यकारी अभियंता', खाली विभाग, त्याखाली मंडळ, आणि तळाशी बारीक अक्षरांत औषधाचं नाव.

"साहेब, तळाची ओळ वर घ्या. मोठी करा."

"मॅडम, आधी माणूस कोण आहे ते कळायला नको?"

"बेशुद्ध माणसाचा हुद्दा कुणी वाचत नाही."

ते कार्ड परत खिशात घालून गेले. माझ्याशी आणखी पंधरा दिवस बोलणार नाहीत असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी परत आले. नवीन कार्ड. लाल अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत: हा रुग्ण रोज स्टेरॉइड घेतो, अचानक बंद करू नये, आधी इंजेक्शन द्यावं. एवढंच. हुद्दा नाही, विभाग नाही.

मी उलटसुलट करून पाहिलं. "नावसुद्धा नाही?"

"नाव काय, शुद्धीवर आल्यावर विचारतील." मग त्यांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. वेगळ्या शाईचं, लॅमिनेशनवर उमटणारं. त्याची चौकशी आधीच करून आणलेलं. "मागच्या बाजूला पोरीचा नंबर लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे. काही झालं तर आधी तिला विचारायचं. तिला सगळं माहीत असतं आता."